अश्वविद्या आणि अक्षविद्या

थंडी पडूं लागली कीं मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर घोड्यांच्या शर्यतींचा हंगाम सुरू होतो. पुढें पावसाळ्यांत बहुतेक तेच घोडे, तेच जॉकी आणि तेच शौकीन पुण्याच्या मैदानाकडे वळतात. शर्यतीच्या दिवशीं छापलेल्या पत्रकांत प्रत्येक शर्यतीपुढें जाणकारांनीं निवडलेलीं दोन-तीन नांवें असतात. ज्या घरांतील कोणींहि मैदानावर पाऊल टाकलेलें नाहीं, त्या घरांतहि या नांवांविषयीं कुतूहल असतें. हीं नांवें येतात कोठून? हा नुसता अंदाजाचा खेळ आहे कीं यामागें कांहीं शास्त्र आहे? आणि शास्त्र असेल तर तें जाणणारे सारेच श्रीमंत कां झाले नाहींत?

महाभारताच्या वनपर्वांतील नलाख्यान आमच्या वाचकांस परिचित आहेच. नळराजा घोड्यांच्या विद्येंत अद्वितीय होता. परंतु त्यानेंच पुष्कराशीं द्यूत खेळून राज्य घालविलें. पुढें बाहुक या नांवानें अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथि होऊन तो विदर्भाकडे रथ हांकीत असतां, ऋतुपर्णानें वाटेंतील बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें नुसत्या नजरेनें मोजून सांगितलीं. नळानें रथ थांबवून पडताळा पाहिला. मोजणी बरोबर निघाली. मग दोघांनीं विद्यांची अदलाबदल ठरविली : ऋतुपर्णानें अक्षविद्या द्यावी, नळानें अश्वविद्या. कथाकारानें या दोन विद्या निरनिराळ्या मानल्या, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. शर्यतीच्या मैदानावर त्या एकाच दारानें आंत शिरतात आणि पाहणारास त्या एकच वाटतात.

प्रथम अश्वविद्येचा विचार करूं. पत्रकांत प्रत्येक घोड्याचें वय, त्याचे आईबाप, पाठीवरील वजन, जॉकी, ट्रेनर व मागील शर्यतींतील क्रमांक हीं सर्व दिलेलीं असतात. जाणता मनुष्य आधीं अंतर पाहतो. १००० मीटरांची शर्यत सुमारें एका मिनिटांत आटोपते. तेथें सुटतांच मुसंडी मारणारा घोडा हवा. २४०० मीटरांस अडीच मिनिटें लागतात. तेथें सुरुवातीस मागें राहून दम राखणारा घोडा शेवटच्या वळणानंतर पुढें येतो. त्यानंतर जमीन. कोरड्या हिरवळीवर वाऱ्यासारखा धांवणारा घोडा पावसानें मऊ झालेल्या जमिनींत निरुत्साही होतो, तर एखाद्याचा पाय तेथेंच मोकळा होतो. म्हणून महालक्ष्मीवरचा अनुभव पुण्याच्या पावसाळ्यांत जसाच्या तसा लागू करणें बरें नव्हे.

सर्वांत महत्त्वाची बाब वजनाची. बहुतेक शर्यतींत हँडिकॅपर नांवाचा अधिकारी मागील कामगिरी पाहून प्रत्येक घोड्याचें वजन ठरवितो. चांगल्यास अधिक, सामान्यास कमी. जॉकी व खोगीर मिळून तें भरलें नाहीं तर शिसें घालून भरतात. सर्व घोडे एकाच वेळीं अंतिम रेषेवर यावेत, हें त्या अधिकाऱ्याचें ध्येय. म्हणून मागच्या खेपेस जिंकलेलें नांव पाहून आज तेंच निवडणारा नवशिका पुष्कळदां फसतो. जिंकल्याबद्दलचें बक्षीस घोड्यास पाठीवर वाहावें लागतें!

अमेरिकेंतील ‘मॅन ओ वॉर’ हा घोडा आयुष्यांत एकवीस वेळां धांवला आणि वीस वेळां जिंकला. १९१९ च्या ऑगस्टमध्यें साराटोगा येथें त्याची जी एकमेव हार झाली, त्या दिवशीं त्याच्या पाठीवर १३० पौंड होते, तर जिंकणाऱ्या ‘अपसेट’ च्या पाठीवर ११५. सुटतांनाहि त्याची गैरसोय झाली. एवढें होऊनहि अंतर पडलें तें अर्ध्या घोड्याच्या लांबीच्या आसपास. पंधरा पौंड म्हणजे जवळजवळ सात किलो. उत्तम आणि बरा यांतील भेद इतक्यानें पुसला जाऊं शकतो.

याच्या उलट इंडियन डर्बीसारख्या शर्यतींत ही वजनाची विभागणी नसते. १९४३ सालीं ती प्रथम धांवली गेली, तेव्हां बडोद्याच्या महाराजांची ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ ही घोडी जिंकली. शर्यत २४०० मीटरांची व चार वर्षांच्या घोड्यांची. घोडीस वजनांत थोडी सवलत, बाकी सर्व सारखे. तेथें प्रश्न सरळ राहतो : या घोड्याच्या अंगीं आणि रक्तांत एवढ्या अंतराचा दम आहे काय?

इतकें पाहूनहि जाणत्याचें अनुमान अनुमानच राहतें. ८ एप्रिल १९६७ रोजीं इंग्लंडांत एंट्री येथें ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची शर्यत झाली. घोडे चव्वेचाळीस. तेविसाव्या अडथळ्यापाशीं स्वार नसलेला एक मोकाट घोडा आडवा धांवला आणि पाहतां पाहतां सर्व घोडे एकमेकांवर आदळून थांबले. फार मागें असलेल्या ‘फॉइनेव्हन’ च्या जॉकीस फट सांपडली; तो निसटला व जिंकला. त्याचा भाव एकास शंभर होता. घोड्याचा मालक व ट्रेनर यांपैकीं कोणीहि त्या दिवशीं मैदानावर आला नव्हता! जगांतील बहुतेक मैदानांवर सर्वांच्या आवडीचा घोडा तीनांत सुमारें एकदां जिंकतो, हें पाहिलें म्हणजे अशा अपवादांचें फारसें नवल वाटत नाहीं.

आतां अक्षविद्या. टोट म्हणजे टोटलायझेटर. ज्यांनीं तिकिटें घेतलीं त्यांचे पैसे एकत्र करावयाचे, क्लबाचा खर्च व सरकारी कर कापावयाचा आणि उरलेली रक्कम जिंकणारांत वांटावयाची, ही त्याची रीत. समजा, एका शर्यतीवर १०,००० रुपये जमले व त्यांतील ५,००० एकाच घोड्यावर लागले. म्हणजे लोकांच्या मतें तो दोनांत एकदां जिंकेल. शेंकडा २५ वजा जातां ७,५०० उरतात. घोडा जिंकला तर प्रत्येक १०० रुपयांस १५० मिळतील. अशा शंभर शर्यतींत एकानें दर वेळीं १०० रुपये लावले आणि लोकांचें मत अगदीं बरोबर ठरून तो पन्नास वेळां जिंकला, तर त्यानें घातलेल्या १०,००० पैकीं हातीं येतील ७,५००. नुसतें मुद्दल परत मिळवावयाचें तरी त्यास सदुसष्ट वेळां बरोबर ठरलें पाहिजे. म्हणजे घोडा ओळखणें पुरत नाहीं. सर्व समुदायाहून पुष्कळ अधिक अचूक ओळखावा लागतो. १ जुलै २०१७ पासून या खेळावर २८ टक्के जीएसटी लागू झाला व २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के करण्यांत आला. त्यावरून ही वजावट कोणत्या दिशेनें जाते तें दिसेल.

आणि घोडा खात्रीचा असला म्हणजे काय होतें? ९ जून १९७३ रोजीं न्यूयॉर्कच्या बेलमाँट मैदानावर ‘सेक्रेटॅरिएट’ एकतीस लांबींनीं जिंकला. तो जिंकणार हें सर्वांस ठाऊक होतें. म्हणून दोन डॉलरांच्या तिकिटास मिळाले दोन डॉलर वीस सेंट. पांच हजारांहून अधिक लोकांनीं तीं तिकिटें वटविलींच नाहींत, आठवण म्हणून ठेवून दिलीं. आमच्या मतें त्या दिवशीं सर्वांत शहाणा व्यवहार त्यांनींच केला.

१९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ जुगार नव्हे, असा निर्णय दिला. तो योग्यच आहे. वर सांगितलेली अश्वविद्या हें खरें कौशल्य होय. परंतु सुशिक्षित घरांस धोका आहे तो येथेंच. अडाणी मनुष्य चार वेळां हरला कीं दैवास दोष देऊन घरीं बसण्याचा संभव तरी असतो. जाणत्यास प्रत्येक हारीचें कारण सांपडतें : जॉकीनें उशीर केला, पाऊस पडला, वजन दोन किलो अधिक झालें. कारण खरेंहि असतें; म्हणून पुढच्या रविवारीं तो अधिक विश्वासानें जातो. पगारांतून, मग ठेवींतून, आणि शेवटीं पत्नीच्या पेटींतून पैसा जातो तो अशा हुशार माणसाच्या हातूनच.

ज्यांस या विद्येची गोडी असेल त्यांनीं ती अवश्य जोपासावी, पण कागदावर. एक वही घ्यावी. शर्यतीपूर्वीं प्रत्येक घोड्याच्या नांवापुढें निवडीचें कारण एका वाक्यांत लिहावें, दहा रुपये लावल्याचें मांडावें, आणि सायंकाळीं टोटनें प्रत्यक्ष दिलेल्या भावानें जमाखर्च लिहावा. मागाहून कारण बदलूं नये. हंगाम संपला कीं शेवटची बेरीज घरांतील मंडळींसमोर वाचावी. निवड किती वेळां बरोबर आली तें वहीच्या एका रकान्यांत दिसेल, पैसे किती उरले तें दुसऱ्यांत. बहुतेकांच्या वहींत पहिला रकाना अभिमान वाटण्याजोगा असेल. दुसरा वाचतांना मात्र, तो केवळ कागदावरचा आहे, याबद्दल घरांतील सर्वांसच समाधान वाटेल.