मुलांचे हात मोकळे सोडा

नाताळ जवळ आला की आपल्या अनेक धर्मग्रामांत दोन स्पर्धांना ऊत येतो. एक घरोघरच्या गोठ्यांची, दुसरी बालगोपाळांच्या फुटबॉलची. दोहोंच्या फलकांवर ‘मुलांसाठी’ हे शब्द ठळक अक्षरांत लिहिलेले असतात. प्रत्यक्षात गोठा बाबा बांधतात, आई रंगवते, मामा दिव्यांची माळ जोडतो आणि मूल कोपऱ्यात उभे राहून ‘हात लावू नकोस’ हे वाक्य ऐकत राहते. मैदानावर सात वर्षांचे पोर चेंडूमागे धावते खरे. परंतु त्याचा सामना दोरीबाहेरची मोठी माणसेच आरडाओरडा करून खेळत असतात. मुलांच्या नावाने चाललेला हा प्रौढांचा सोहळा आता थांबला पाहिजे.

गोठ्याची परंपरा कोठून आली, हे आठवावे. १२२३ साली असिसीच्या संत फ्रान्सिसने ग्रेच्चो या गावी पहिला गोठा मांडला, तेव्हा त्याने मागितले काय? गवत, गव्हाणी, एक बैल आणि एक गाढव. गरिबाच्या घरी जे असते, तेवढेच. पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी त्याच ग्रेच्चो गावी गोठ्याविषयीच्या आपल्या पत्रावर स्वाक्षरी केली. गोठा दरवर्षी तोच असो वा बदलता असो, तो आपल्या जीवनाशी बोलला पाहिजे, असा त्या पत्राचा आशय आहे. परीक्षकांच्या गुणांचा त्यात कोठेही उल्लेख नाही. आपण मात्र थर्माकोलचे राजवाडे उभारू लागलो. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हा साहित्य बदलले; हव्यास तसाच राहिला.

बांबूच्या कामट्या बांधून, पतंगी कागदाला खळ लावून केलेला तारा एका बाजूला कलला तर काय बिघडते? वाटीत पेरलेली नाचणी आठवड्याने हिरवी होते, तेव्हा आगमनकाळाची प्रतीक्षा म्हणजे काय, हे मुलाला प्रवचनाविना उमगते. मातीचे मेंढरू तीन पायांचे झाले, तर बाळ येशू ते नाकारणार नाही. येशूला मार्क ‘सुतार’ म्हणतो, मत्तय ‘सुताराचा पुत्र’ म्हणतो. सुताराच्या मुलापासून सुतारापर्यंतची ती सारी वर्षे नाझरेथच्या घरात गेली. योसेफाने मुलाच्या हातातून हत्यार काढून घेऊन सारे काम स्वतःच सफाईने उरकले असते, तर ते कौशल्य मुलाच्या हाती कसे उतरले असते?

आता मैदानाकडे वळू. लगोरी, लंगडी, डबा ऐसपैस या खेळांत पंच नव्हता, प्रशिक्षक नव्हता. भांडण मुलेच करत आणि मुलेच मिटवत. दुबळ्या गड्याला कोणत्या बाजूला घ्यावे, हेही तीच ठरवत. संघभावनेचे ते पहिले शिक्षण होते. आज सहा-सात वर्षांच्या मुलाला जर्सी मिळते, क्रमांक मिळतो आणि अनेकदा त्याबरोबर राखीव खेळाडूंच्या बाकावरची जागाही मिळते. सामना संपेपर्यंत त्याचे पाय चेंडूला लागत नाहीत. हरलेल्या मुलाला घरी जाताना बाप कोणता पास चुकला, हे सांगत राहतो. त्या वाटेवर मूल एक धडा शिकते : बाबांचे प्रेम गोलांवर मोजले जाते. हा धडा कोणत्याही धर्मशिक्षणाच्या वर्गाने पुसून टाकणे कठीण आहे.

‘स्पर्धा नसेल तर चुरस नाही, चुरस नसेल तर खेळाडू घडणार नाहीत,’ असा आक्षेप लगेच येईल. नॉर्वेचे उदाहरण पाहा. तेथील क्रीडा महासंघाने १९८७ साली लहान मुलांच्या खेळासाठी नियम केले. मूल अकरा वर्षांचे होते त्या वर्षापूर्वी गुणतक्ते आणि क्रमवारी लावण्यास तेथे मनाई आहे. सुमारे पंचावन्न लाख वस्तीचा तो देश २०१८ आणि २०२२ या दोन्ही हिवाळी ऑलिंपिकमध्ये पदकतालिकेत पहिला आला. बर्फाचा देश म्हणून त्याला काही सवलत द्यावी. परंतु लहानपणी गुण न मोजल्याने खेळाडू नासतात, हा दावा तेथे टिकत नाही.

दुसरा आक्षेप असा, की मैदान नसेल तर मुले मोबाईलमध्ये बुडतील. मान्य! म्हणूनच मैदान हवे. संत जॉन बॉस्को यांच्या तुरिन येथील ऑरेटरीत प्रार्थना, शिक्षण आणि खेळ एकाच अंगणात नांदत. तेथे ज्याला खेळावयाचे त्याला जागा होती. बाकावर बसवलेले मूल तर लवकरच मोबाईलकडे परतते.

आणखी एक प्रश्न. हस्तकलेच्या टेबलाशी मुली आणि मैदानावर मुलगे, ही वाटणी कोणी केली? चेंडू लाथाडण्याची हौस मुलीला नसते, कात्री-कागदात मुलग्याचे मन रमत नाही, हे आपणच ठरवले आणि मग तोच निसर्ग मानला.

धर्मग्राम परिषदांनी पुढील नाताळापूर्वी चार गोष्टी ठरवाव्यात. बारा वर्षांखालील मुलांच्या गोठ्यांना क्रमांक देऊ नयेत. धर्मगुरूंनी व शेजाऱ्यांनी त्या घरी जावे आणि मुलांकडूनच गोठ्याची कथा ऐकावी. दहा वर्षांखालील सामन्यांत प्रत्येक मुलामुलीला सारखा वेळ खेळू द्यावे. पालकांनी दोरीबाहेर टाळ्या वाजवाव्यात, सूचना देऊ नयेत. रविवारच्या मिस्साच्या वेळी एकही सामना ठेवू नये. यांपैकी एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. लागतो तो संयम, आणि तो मोठ्यांनी दाखवावयाचा आहे.

बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय कराराने खेळ आणि विश्रांती हा मुलांचा हक्क मानला. भारताने १९९२ साली तो करार स्वीकारला. आपल्याला तर त्याहून जुनी आज्ञा आहे : बालकांना माझ्याजवळ येऊ द्या, असे प्रभूने शिष्यांना बजावले, कारण अडवणारे शिष्यच होते. गोठ्यापाशी आणि मैदानापाशी आज आपण कोणाच्या जागी उभे आहोत, ते प्रत्येक घराने पाहावे आणि दोन पावले मागे सरावे.