कृत्तिका किती?

मराठी शिकविणाऱ्या माणसाची एक मोठी सोय असते. त्याला सगळ्यांतले थोडथोडे ठाऊक असते आणि ते पडताळून दाखवा असे कोणी म्हणत नाही. वीस वर्षे ही सोय मी सुखाने उपभोगली. गेल्या वर्षी आमच्या आर्वीच्या वर्गात ती एकाएकी संपली. महिन्यांच्या नावांचा विषय चालला होता. कार्तिकी पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांच्या आसपास असतो म्हणून महिना कार्तिक, कृत्तिका सहा, त्यांनी कार्तिकेयाला वाढविले, असे सगळे मी नेहमीच्या वेगाने सांगून टाकले. शेवटच्या बाकावरून एक अबोल मुलगा उठला. खेड्यावरून सायकलीने येणारा. म्हणाला, "सर, तुमी मोजल्या का जी?"

वर्ग हसला. मला हसू आले नाही. मोजणे दूरच, त्या आकाशात कोठे असतात हेही मला बोट करून दाखविता आले नसते.

त्या रात्री गच्चीवर गेलो. दिवाळीच्या सुमारास कृत्तिका रात्री आठापर्यंत पूर्वेला वर येतात आणि मध्यरात्र उलटली की आर्वीच्या जवळजवळ डोक्यावरून जातात. द्राक्षांचा लहानसा घोस असावा तसा तो पुंजका. चष्मा पुसून मोजल्या. सहा! पोथीची लाज राहिली म्हणून मी खूश. पण खाली येऊन कपाटातली पुस्तके काढली, तर तैत्तिरीय परंपरेत नावे सात दिलेली: अंबा, दुला, नितत्नी, अभ्रयंती, मेघयंती, वर्षयंती, चुपुणिका. पोथ्यांतच एकवाक्यता नाही म्हटल्यावर साक्षीदार तिसरा हवा. आमच्या पुतण्याने नवा कॅमेरा घेतला होता. जुना त्याने मला दिला.

पहिला फोटो तिपाईवरून, अर्धा मिनिट झडप उघडी ठेवून काढला. आला तो शेवयांचा चुरा. पृथ्वी फिरते हे मी शाळेत पाठ केले होते. ती माझ्याच गच्चीवर फिरते हे प्रथमच दिसले. यावर उपाय १९७५ साली हेग नावाच्या एका हौशी गृहस्थाने सुचविलेला आहे. दोन फळ्या एका बिजागरीने जोडायच्या, बिजागरीचा कणा ध्रुवाकडे रोखायचा (आर्वीत तो क्षितिजावर एकवीस अंश), आणि खालून बोल्ट फिरवीत वरची फळी हळूहळू उचलायची. बोल्टच्या आट्यांत एक मिलिमीटरचे अंतर असेल, तर तो बिजागरीपासून सुमारे २२.९ सेंटिमीटरवर बसवावा. मग मिनिटाला एक फेरा दिला की कॅमेरा ताऱ्यांबरोबर चालतो. हे मी मिस्त्रीला समजावले. तो फळ्या उघडून-मिटून बघत म्हणाला, "सर, एवढा मोठा अडकित्ता कोणाले पाहिजे जी?"

हे चालले असताना शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा १८९६ सालचा भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासाचा ग्रंथ पुन्हा उघडला. असा ग्रंथ मराठीत लिहिला गेला, याचा आपण पुरेसा अभिमान बाळगीत नाही असे माझे मत आहे. शतपथ ब्राह्मणात म्हटले आहे की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत. दीक्षितांनी हे वाक्य अलंकार म्हणून सोडून दिले नाही. कोणीतरी पाहून लिहिले, असे धरून त्यांनी गणित केले. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सुमारे सव्वीस हजार वर्षांत एक घेर घेतो, त्यामुळे ताऱ्यांच्या उगवण्याच्या जागा सरकतात. कृत्तिका नेमक्या पूर्वेस उगवत तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे तीन हजार वर्षांचा निघाला. या काळनिर्णयावर विद्वानांचे वाद आहेत, ते असोत. पण पडताळा माझ्या गच्चीवरून घेता येतो. २३ सप्टेंबरला सूर्य शेजाऱ्यांच्या टाकीमागून उगवला, ती खरी पूर्व. कृत्तिका मात्र टाकीच्या बऱ्याच डावीकडे उगवल्या. हात लांब करून मूठ धरली तर ती सुमारे दहा अंश झाकते. मला अडीच मुठी लागल्या. पाच हजार वर्षे मुठीने मोजता येतात!

आता खरी अडचण. फोटोला अमावास्येचा काळोख हवा, आणि आश्विनी अमावास्येलाच आपण गावभर दिवे लावून धूर करतो. कार्तिकी पौर्णिमेला तर चंद्रच शेजारी येऊन बसतो. तेव्हा वसुबारसेची रात्र ठरविली. जागा त्याच मुलाच्या वडिलांच्या पऱ्हाटीच्या शेतात. घरातून मंडळीही आली. हातात घड्याळ धरून "अहो, पंधरा!" म्हणून दर पंधरा सेकंदांना ओरडणे हे तिचे काम, आणि पाव फेरा देणे माझे. अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे साठ फोटो घेतले. मग कॅमेऱ्यातले दोष नंतर वजा करण्यासाठी झाकण लावून काही काळे फोटोही घेतले. "झाकण लावून कशाचा फोटो काढता?" हा प्रश्न आला, त्याचे उत्तर मी घरी गेल्यावर दिले.

या अवधीत तो मुलगा बांधावर उताणा पडून होता. म्हणाला, "आठ हायेत जी." मी म्हटले, नीट मोज. त्याने पुन्हा मोजल्या. आठच. मी वर पाहिले, मला सहा.

संगणकावर साठ फोटो एकावर एक जुळवून बसविले तेव्हा शेकड्यांनी ठिपके उमटले. १६१० साली गॅलिलिओने दुर्बिणीतून छत्तीस टिपल्या होत्या. खरे कुटुंब हजाराहून मोठे आहे. मोठ्या ताऱ्यांभोवती निळसर धुकेही आले. ती वाटेत भेटलेली धूळ त्यांच्याच उजेडाने चमकते. हा उजेड निघून सुमारे चारशे चाळीस वर्षे झाली, म्हणजे तेव्हा पैठणास नाथमहाराज हयात होते.

भाऊबीजेनंतर मुलगा घरी आला. फोटोतली गर्दी पाहून तो गोंधळेल असे मला वाटले होते. त्याने सहा ठळक तारे ओळखले, मग सातवा दाखविला, आणि एका कडेच्या बारीक ठिपक्यावर बोट टेकवून म्हणाला, "हा पाहा जी, आठवा." मी चित्र मोठे केले. त्याने शेतात ज्या बाजूला सांगितला होता त्याच बाजूला, बाकीच्या बारीक ठिपक्यांपेक्षा ठसठशीत, तारा होता.

वहीत माझ्या सहाखाली त्याचे आठ लिहून घेतले, तारीख घालून.