आधी नाव, मग ट्यूब : जालना जिल्ह्यातल्या खाजणाऱ्या माणसांचा जाहीरनामा

आम्ही इसबाची माणसं. आमच्यात भोकरदन-जाफ्राबादकडच्या खुरपणीच्या बाया आहेत, जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या भट्ट्यांवर राबणारे आहेत, सिमेंट कालवणारे गवंडी आहेत आणि लेकरानं ओरबाडून घेऊ नये म्हणून रात्रभर त्याचे हात धरून बसणाऱ्या आया आहेत. आमच्या चळवळीची नोंदणी झालेली नाही, पावतीपुस्तक छापलेलं नाही, अध्यक्ष तर नाहीच. मागणी एक आहे, बाकीच्या सगळ्या तिच्याच पोटातल्या : आधी आजाराचं नाव, मग ट्यूब.

खाज सुटली की आपले पाय दवाखान्याकडे वळत नाहीत, मेडिकलकडे वळतात. ‘खाजेची ट्यूब द्या’ एवढं म्हटलं की काम झालं. खाज कुठे आहे, कधीपासून आहे, घरात आणखी कुणाला आहे, हे आपण सांगत नाही आणि समोरचा विचारत नाही. हातात येते ती बऱ्याचदा तीन-चार औषधांची खिचडी : एक बुरशीवरचं, एक जंतूंवरचं आणि त्यांच्या जोडीला क्लोबेटासॉलसारखं जहाल स्टेरॉईड. दोन दिवसांत आराम पडतो. ट्यूब संपते, खाज व्याजासकट परत येते. मग तीच ट्यूब पुन्हा, आणि ‘मला गुण आला’ म्हणून जावेला, भाच्याला, शेजारणीलाही.

खाज ही तक्रार आहे, आजार नाही. आजार निरनिराळे आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला बाधतं.

इसब बाळाच्या गालांवर उठतो, थोड्या मोठ्या मुलांत कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत बसतो. कातडी कोरडी, खरखरीत होते, खाजवून खाजवून जाड आणि काळपट होते, भडकली की लस गळते. पुष्कळदा त्याच घरात कुणाला दमा असतो, कुणाला सकाळी उठल्याबरोबर शिंकांची माळ लागते. इसब कुणापासून कुणाला लागत नाही. गजकर्ण, म्हणजेच नायटा, बुरशीचा, तो लागतो. गोल चट्टा, कडा उठलेली, मध्यभाग निवळलेला. जागा म्हणजे जांघ, काख, परकराच्या नाडीखालचा कमरेचा पट्टा. खरूज बारीक किड्याची. ती बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, रात्री अंथरुणात छळते आणि एकाला झाली की घरभर होते, म्हणून तिचं औषध सगळ्या घरानं एकाच वेळी लावायचं असतं. आणि चौथी गोष्ट, जिला खाज नसते : फिकट किंवा लालसर चट्टा, टोचलं तरी न कळणारा. तो बधिर चट्टा इसब समजून घरी ठेवू नका. कुष्ठरोगाची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत, आणि वेळेत घेतली तर माणूस पूर्ण बरा होतो.

आता गजकर्णावर ती खिचडी ट्यूब लावली तर काय होतं? स्टेरॉईड लाली आणि खाज दाबतं, त्याचबरोबर शरीराची राखणही झोपवतं. बुरशीला मोकळं रान मिळतं. चट्ट्याची कडा पुसट होते आणि मग अनुभवी डॉक्टरलाही चेहरा ओळखू येत नाही. जांघेत कातडीला कायमच्या भेगांसारख्या रेघा पडतात. गोरं दिसण्यासाठी तेच मलम तोंडाला चोपडणाऱ्या मुलींच्या गालांवर लाली, पुरळ आणि लव येते. गेल्या काही वर्षांत देशभर गजकर्णानं जो धुमाकूळ घातला, त्याच्यामागे या ट्यूबांचा हात मोठा आहे, असं त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारी या बुरशीची एक जात 2020 साली जपानमध्ये नोंदली गेली, ती भारतातून आणि नेपाळमधून आलेल्या रुग्णांच्या कातडीवरून; तिच्या शास्त्रीय नावातच भारत आहे, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. असा मान आम्हाला नको होता.

कायदा नाही असं नाही. 2018 साली केंद्र सरकारनं स्टेरॉईडच्या 14 मलमांची भर ‘शेड्यूल एच’मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तो नियम आमच्या बाजारपेठेच्या काउंटरपर्यंत पोहोचावा, एवढंच आम्ही मागतो.

इथे एक गैरसमज आधीच खोडून टाकतो. आम्ही स्टेरॉईडच्या विरोधात नाही. 1952 साली हायड्रोकॉर्टिसोन पहिल्यांदा इसबावर लावलं गेलं, आणि तेव्हापासून कितीतरी माणसं त्याच्या जोरावर रात्री झोपली आहेत. इसब भडकल्यावर योग्य ताकदीचं मलम, योग्य जागी, डॉक्टरनं सांगितलेले दिवस लावलंच पाहिजे. तोंडाला, पापण्यांना, काखेत आणि लहान लेकरांना सौम्य. जाड पडलेल्या तळहातांना जरा जोरदार. माप सोपं आहे : मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर जेवढी रेघ मावते, तेवढं मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. ‘स्टेरॉईड’ शब्द ऐकून घाबरलेल्या आयाही आम्ही पाहतो, मुलाचं अंग सोलून निघालं तरी मलम न लावणाऱ्या. त्यांची भीती आणि शेजारच्या घरातला बेफिकीरपणा एकाच ठिकाणाहून येतो. मलम लिहून देताना कुणी दोन मिनिटं बसून समजावलेलं नसतं.

मलमाच्या आधी आणि मलमानंतरही खरं रोजचं काम ओलाव्याचं. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2006 साली दाखवलं की इसबाच्या बऱ्याच रुग्णांमध्ये फिलॅग्रिन नावाचं कातडीचं प्रथिन बनवणारा जनुकच कमजोर असतो. कातडी म्हणजे दगडी भिंत धरली, तर आमच्या भिंतीच्या दरजा जन्मतःच भुसभुशीत. आतला ओलावा बाहेर जातो, बाहेरची धूळ, साबण, जंतू आत येतात. दरजा रोज भराव्या लागतात. कोमट पाण्यानं पाच-दहा मिनिटांत अंघोळ, अंग रगडायचं नाही, टॉवेलनं टिपायचं, आणि अंग ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली किंवा बिनवासाचं मलम लावायचं. खोबरेलही चालतं. कपडे धुण्याच्या वडीनं लेकराला घासणं आजच्या आज बंद करा. आमच्याकडे बोअरचं पाणी जड, त्यात साबणाचा फेस होत नाही, चोथाच कातडीवर बसतो. तेव्हा साबण जितका कमी तितकं बरं. अंगभर इसब असलेल्या मुलाला आठवड्याला पाव किलोपर्यंत हे ओलाव्याचं मलम लागू शकतं. वीस ग्रॅमची सुगंधी बाटली आणून ‘काही गुण नाही’ म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करावा, आणि दवाखान्यातून तेवढीच डबी देणाऱ्यांनी दोनदा.

जालना जिल्ह्यात या सगळ्यावर कडी करणारं एक गवत आहे. गाजर गवत, काँग्रेस गवत, काय म्हणाल ते. 1950च्या दशकात पुण्यात त्याची देशातली पहिली ठळक नोंद झाली. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं मानतात. पुढे 1970च्या दशकात पुण्याच्याच डॉक्टरांनी या गवतानं होणाऱ्या इसबाचे रुग्ण जगापुढे मांडले. आज अंबडच्या मोसंबीच्या बागांपासून परतूर-मंठ्याच्या कपाशीच्या बांधांपर्यंत ते उभं आहे. त्यातलं पार्थेनिन हे रसायन कातडीला छळतं, आणि गवताला हात लावायचीही गरज नसते. वाळलेल्या झाडाची धूळ आणि केसाळ कण वाऱ्यावर उडतात. म्हणून तो इसब पापण्यांवर, मानेवर, कानामागे, कोपराच्या घडीत येतो, पावसाळ्यात भडकतो आणि काहींना पुढे उन्हातही उभं राहू देत नाही. असा माणूस दरवर्षी ट्यूब बदलतो. त्याला कुणी ‘तुमच्या बांधावर काय उगवलंय’ असं विचारत नाही.

गवतावरचा उपाय एका शेताचा नसतो, गावाचा असतो. फुलोऱ्याआधी उपटायचं, हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधून, आणि ज्याला इसब आहे त्यानं त्या कामाला जायचंच नाही. उपटलेल्या जागी तरोटा फेकला तर तो गाजर गवताला वर येऊ देत नाही. मेक्सिकन भुंगे 1980च्या दशकात भारतात आणले गेले, ते पावसाळ्यात पानं फस्त करतात. दर ऑगस्टच्या 16 ते 22 तारखेला गाजर गवत जागृती सप्ताह असतो. एरवी तो भिंतीवरच्या फलकावर साजरा होतो. आम्हाला तो बांधावर हवा आहे, मजुरीसकट.

घरगुती इलाजांबद्दल आमचं मत सरसकट नाही. बिब्ब्याबद्दल मात्र आहे. चिघळलेल्या इसबावर बिब्बा लावणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. बिब्बा उतला की काय होतं ते आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर फोड उठायचे, कारण धोबी त्यांच्या कपड्यांवर बिब्ब्याच्या रसानं खूण करत. खुणेएवढा रस, तोही धुतलेल्या कापडावर, आणि आपण तो उघड्या जखमेला लावतो. टिकलीचा गोंद, खोटे दागिने, काळा केसरंग, ओलं सिमेंट हेही असेच, लागेल तिथे कातडी उठवणारे. जिथे लागतं नेमकं तिथेच उठत असेल, तर शोध तिथून सुरू करा.

पथ्याचंही तसंच. वांगं बंद, दही बंद, अंडं बंद, शेंगदाणे बंद, आणि पोरगं वाळलेलं. एखाद्या पदार्थानं खरंच भडकतं का हे डॉक्टरच्या देखरेखीखाली पाहता येतं; सगळंच तोडून टाकण्याचा उपास आम्हाला मान्य नाही. ‘इसब दाबला तर दमा होतो’ ही भीतीही सोडा. ज्या मुलाला इसब त्याला पुढे दमा होण्याचा धोका जास्त असतो, कारण दोन्हींचं मूळ एक; मलमानं इसब छातीत ढकलला जात नाही. आणि ज्या मुलीच्या हातावर चट्टे दिसले म्हणून पाहुणे चहा न घेता उठले, त्या पाहुण्यांनी हा जाहीरनामा आपल्यालाच पाठवला आहे असं समजून वाचावा.

आता मागण्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात क्षयरोगाच्या आणि हिवतापाच्या तपासणीसाठी सूक्ष्मदर्शक असतो. चट्ट्याची खरवड पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात घेऊन त्याच यंत्राखाली बुरशी दिसते, काही मिनिटांत आणि नगण्य खर्चात. ही तपासणी तिथे सुरू करा. निम्म्या ट्यूबा आपोआप थांबतील. जालन्यात आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे, तेव्हा प्रत्येक खाजेसाठी संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जायची पाळी येऊ नये : महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागाचा डॉक्टर प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात आठवडी बाजाराच्या दिवशी बसावा, कारण त्या दिवशी माणूस तसाही गावात आलेला असतो. साधं मलम गोळ्यांसारखं दवाखान्यातून मिळावं, पुरेसं मिळावं. कारखानदारांनी आणि ठेकेदारांनी हातमोजे आणि हात धुवायला चांगलं पाणी द्यावं. शाळेनं खाजणाऱ्या मुलाला वेगळं बसवू नये. मेडिकलवाल्यांशी आमचं भांडण नाही. त्यांच्यातले पुष्कळजण आमच्याच गावचे, आमच्याच सोयऱ्यातले. त्यांनी चिठ्ठी मागावी, आणि चिठ्ठी मागितली म्हणून आम्ही दुसऱ्या दुकानात जाणार नाही, हा आमचा शब्द.

सभासद होण्यासाठी पैसे लागत नाहीत. आज घरातल्या सगळ्या ट्यूबा बाहेर काढा, फडताळातल्या, देवळीतल्या, शर्टाच्या खिशातल्या. खोक्यावर बारीक अक्षरात जे छापलं आहे ते नववीतल्या पोरीकडून मोठ्यानं वाचून घ्या. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, यातलं एखादं नाव आलं आणि ती ट्यूब कुणी लिहून दिलेली नसेल, तर ती बाजूला ठेवा. बरेच दिवस लावत असाल तर एकदम बंद करून भडका उडवून घेऊ नका. ट्यूब पिशवीत घाला आणि डॉक्टरकडे चला. अंगावर पिवळी लस आणि ताप असेल, किंवा एकसारखे बारीक फोड अचानक उठले असतील, तर बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नका, आजच जा.