घोड्याची बोली आणि आपला चढावा



परदेशातल्या अरबी घोड्यांच्या लिलावांचे व्हिडिओ हल्ली आपल्या ग्रुपवर फार फिरतात. झुंबरं, धूर, जांभळा प्रकाश, गोल टेबलांभोवती सुटाबुटातली माणसं, आणि मधून एक तकतकीत घोडी शेपूट उंचावून येते. आकडे चढत जातात, हातोडा पडतो, टाळ्या. खाली आपल्याच बायकांच्या टाळ्या आणि बदामाची चिन्हं. एकीनं लिहिलं होतं, "काय पुण्य घेऊन जन्मली असेल! राणीसारखी राहते." त्यालाही पुन्हा सगळ्यांची पसंती.

मला हे पटत नाही आणि का पटत नाही ते आज नीट सांगणार आहे. श्रावकाच्या घरातून या तमाशाला टाळी जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे. रागावलात तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी पैशाचं बोलू, कारण बी.कॉम.ची सवय जात नाही. पोलंडमध्ये यानुफ पोडलास्की नावाचा सरकारी तबेला आहे, १८१७ सालापासूनचा. तिथे दर ऑगस्टमध्ये अरबी घोड्यांचा नावाजलेला लिलाव होतो. २०१५ साली तिथे पेपिता नावाची घोडी १४ लाख युरोला गेली. पुढच्याच वर्षी सरकारनं तिथले जुने जाणकार संचालक काढून टाकले, आणि त्या ऑगस्टमध्ये एमिरा नावाच्या घोडीवर साडेपाच लाख युरोची बोली लागली. हातोडा पडला, टाळ्या झाल्या. पण घेणारा कोण ते काही पुढे आलं नाही. त्याच लिलावात तिला पुन्हा रिंगणात आणलं आणि ती सव्वादोन लाखांना गेली. आता मला सांगा, मधल्या वेळात त्या बिचाऱ्या घोडीत काय बदललं? तेच पाय, तेच डोळे. मग ते सव्वातीन लाख युरो कशाचे होते? चारचौघांत हात वर करण्याचे, आणि ज्यानं हात वर केला तो दिसेनासा झाल्यावर तेही उडून गेले.

याहून मोठी गंमत अमेरिकेत झाली होती. १९८० नंतरच्या काही वर्षांत ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलला असेच रंगमंचावरचे लिलाव होत. पडदे, वाद्यवृंद, शँपेन, आणि एकेका घोडीला दहा-दहा लाख डॉलरच्या वर भाव. घेणारे बरेचसे डॉक्टर, वकील, धंदेवाले. यातल्या कित्येकांना घोड्याच्या कुठल्या बाजूनं उभं राहावं हेही ठाऊक नसेल. कारण करात होतं. थोडे पैसे रोख द्यायचे, बाकीचे हप्त्यानं, आणि पूर्ण किमतीवर घसारा दाखवून आपल्या पगाराच्या, फीच्या उत्पन्नातून तो तोटा वजा करायचा. १९८६ साली तिथला करकायदा बदलला. ज्या धंद्यात तुम्ही स्वतः राबत नाही त्याचा तोटा पगारातून वजा करता येणार नाही, असं ठरलं. झालं! बाजार कोसळला. ज्या घोड्यांच्या वंशावळीवर कविता झाल्या असतील ते काही शे डॉलरला निघाले, आणि ज्यांना तेवढेही येईनात त्यांतले कित्येक कत्तलखान्यात गेले.

राणीसारखी राहते म्हणता ना? राणीला असा घसारा लावतात का?

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे म्हणा. आम्हाला कॉलेजात शिकवलेल्या १९६१ च्या आयकर कायद्यात एक कलम होतं, ३६ (१) (६). धंद्यात वापरलेलं जनावर मेलं किंवा कायमचं निकामी झालं, तर खरेदीची किंमत वजा त्या जनावराचे किंवा त्याच्या कलेवराचे आलेले पैसे, एवढी वजावट मिळते. वर्गात मी ते कलम पाठ केलं होतं. 'कलेवर' या शब्दाशी मी अडकले होते, सर पुढच्या कलमाकडे गेले. २०१७ ला जीएसटी आला तेव्हा गाई-म्हशींवर कर शून्य आणि जिवंत घोड्यावर १२ टक्के. म्हणजे सरकारलाही कळतं की घोडा ही आता हौसेची वस्तू आहे.

आता आपलं. प्रतिक्रमणात वंदित्तु आपण सगळ्याच म्हणतो. पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार त्यात आहेत: वध, बंध, छविच्छेद, अतिभार आणि अन्नपाण्याचा विच्छेद. म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे बहुतेक गाडीचा बैल येतो, काठी येते. झुंबराखालची घोडी येत नाही. पण बंध म्हणजे फक्त दोर का? मुळात कळपात चरणारं, दिवसभर मैलोन्‌मैल चालणारं हे जनावर. त्याला तोंडाला तेल चोपडून, नाकाजवळचे केस वस्तऱ्यानं काढून, मान ताणून दिव्यांखाली उभं करतात. ते केस शोभेचे नसतात. घोड्याला स्वतःच्या नाकाखालचं दिसत नाही, तो त्या केसांनी चाचपतो. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघानं १ जुलै २०२१ पासून आपल्या स्पर्धांमध्ये ते काढलेले घोडे चालणार नाहीत असा नियम केला. जे त्यांना उशिरा का होईना कळलं, ते आपल्याला तर लहानपणापासून शिकवलेलं आहे.

आणि चेहरा! अरबी घोड्याचं नाक मध्ये थोडं खोलगट असतं, ते सौंदर्य मानतात. मग पिढ्यान्‌पिढ्या ते आणखी खोल, आणखी खोल करत नेलं. २०१७ साली अमेरिकेतल्या एका शिंगराचे फोटो प्रसिद्ध झाले. चित्रातल्या परीकथेतला घोडा वाटावा असं तोंड. पशुवैद्यांनी विचारलं, हा श्वास कसा घेणार? घोडा तोंडानं श्वास घेऊ शकत नाही, त्याला फक्त नाक आहे. दिसण्यासाठी एखाद्या जीवाचा श्वासच आखूड करणं, याला छविच्छेद नाही तर काय म्हणायचं? महाराजसाहेबांना विचारून बघा, मी चुकत असेन तर ते सांगतील.

पंधरा कर्मादानांमध्ये केशवाणिज्य येतं. केसांचा व्यापार असा वरवरचा अर्थ मीही कितीतरी वर्षं धरून होते. पण त्यात केस असलेल्या जीवांचा, दासदासींचा आणि जनावरांचा व्यापार येतो. हत्ती, घोडे, गाई सगळे. 'जनावर हे चांगलं ॲसेट आहे' असं म्हणून जे आपले तरुण घोड्यात पैसे गुंतवायला निघालेत, त्यांच्या आयांनी एवढं तरी घरात बोलावं.

बरं, घोडा आपल्याला परका आहे का? संभवनाथ भगवानांचं लांछन घोडा. आणि भरूचचं अश्वावबोध तीर्थ ज्यांनी केलं असेल त्यांना गोष्ट माहीत आहे. राजाच्या अश्वमेधात बळी जाणाऱ्या घोड्याला प्रतिबोध देण्यासाठी मुनिसुव्रत स्वामी आपल्या पैठणहून एका रात्रीत साठ योजनं चालून भरूचला पोचले. साठ योजनं! एका घोड्यासाठी. त्या घोड्यावर कोणी बोली लावली नव्हती.

हा सगळा प्रकार दूरच्या देशांचा, असं नागोठण्यात राहून तर म्हणूच नये. इथून रोह्याकडून रेवदंड्याला तासा-दीड तासात पोचतो, त्याला लागून चौल. एकेकाळी तिथे अरबस्तान आणि इराणकडून जहाजं भरून घोडे उतरत. १४७० च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि पालीमार्गे जुन्नरला गेला. पाली म्हणजे आपली शेजारचीच. जुन्नरच्या खानानं त्याचा घोडा काढून घेतला आणि सांगितलं, धर्म बदल, घोडाही देतो आणि वर हजार मोहराही. निकितिन बधला नाही, कोणाच्या तरी मध्यस्थीनं घोडा परत मिळाला. धर्म न सोडणारा तो माणूस मला आवडतो. पण त्या घोड्याचं काय, हे मनात आल्याशिवाय राहत नाही. दर्यातून आठवडेच्या आठवडे जहाजात उभा. मार्को पोलोनंही लिहून ठेवलंय की दक्षिणेतले राजे दरवर्षी हजारोंनी घोडे मागवत आणि निगा न कळल्यामुळे ते मरून जात. आमच्या अंबा नदीवरचा जुना दगडी पूल चौलच्याच एका काझीनं बांधलेला, निकितिननंतर शंभरेक वर्षांनी. त्या पुलावर मी उभी राहते तेव्हा मला अजून टापा ऐकू येतात, हसा हवं तर.

आजही आपल्या राज्यात नंदुरबारकडे सारंगखेड्याला दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. बाजार जुना आहे, गरजवंतांचा होता. आता त्याला चेतक फेस्टिव्हल म्हणतात, तंबूंचं गाव वसतं, घोड्यांच्या नाचाच्या आणि सौंदर्याच्या स्पर्धा होतात. पेपरात कोटींचे आकडे छापून येतात आणि मालक ऐटीत सांगतो, विकायचा नाही. नाचायला घोडा कसा शिकतो, हे मात्र कोणी छापत नाही. अंगावरचे भोवरे बघून, देवमण बघून भाव ठरतो. चार पाय आणि कपाळ पांढरं असलं की पंचकल्याणी. आपल्याकडे पंचकल्याणक म्हटलं की हात जोडले जातात, तिथे त्याच शब्दावर किंमत चढते.

आता खरं अवघड. हे सगळं बोलताना कोणी मला विचारेल, तुमच्या चढाव्याचं काय? विचारायलाच हवं. पर्युषणात स्वप्नं उतरतात तेव्हा एक वार, दोन वार, तीन वार होतं, आदेश दिला जातो, नाव पुकारलं जातं. मी बोलीच्या विरुद्ध नाही. त्यात बोलणाऱ्याच्या हातात विकण्याजोगं काही येत नाही, पैसा देवद्रव्यात जातो, आणि ज्याला आदेश मिळाला तो डोळ्यांत पाणी आणून स्वप्न उतरवतो, हे मी पाहिलंय. पण गेल्या काही वर्षांत त्याच बोलीला बाहेरून सूत्रसंचालक, मोठे पडदे, ढोलताशे आणि आकडा वाढला की फुलांचा मारा. एवढं झाल्यावर त्या व्हिडिओत आणि आपल्यात फरक दाखवायला जागा कमी उरते.

आणि लग्नांचं तर विचारू नका. पांढरी घोडी, तिच्यापुढे फटाके, ड्रोन, डीजे. घोडीच्या कानाला आपल्यापेक्षा किती जास्त ऐकू येतं याचा कोणी विचार करत नाही. गेल्या उन्हाळ्यात नात्यातल्या एका वरातीत घोडी थरथरत मागे सरकली, मोतद्दारानं लगाम ओढला, तिच्या तोंडातून फेस आला आणि वरमाय म्हणाली, जरा फोटोपुरती सरळ उभी करा. ज्या नेमकुमारांनी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून वरात परत फिरवली, त्यांचं स्तवन त्याच मांडवात सकाळी झालं होतं!

आमच्या संघाच्या वरघोड्यात दरवर्षी दोन घोडे भाड्यानं येतात. भाडाकर्म हेही कर्मादानच आहे, ते वेगळं सांगायला नको. बऱ्याच संघांनी आता रथ हातानं ओढायला सुरुवात केली आहे आणि ओढायला मुलांची रांग लागते. मी विश्वस्तांना पत्र दिलंय: यंदा घोडे नकोत, रथ आम्ही ओढू, त्यात बायकाही दोर धरतील, आणि वाचलेलं भाडं जीवदया खात्यातून पांजरापोळीला जाऊ दे. तीन विश्वस्तांपैकी एक जण हो म्हणाले, एक जण म्हणाले घोड्याशिवाय वरघोडा कसला, आणि तिसरे अजून चष्मा शोधताहेत. चातुर्मासाच्या आधी मिटिंग आहे. तुमच्या गावी काय करतात ते मला कळवा, म्हणजे मिटिंगमध्ये मला नावानिशी सांगता येईल.