घरांतील वस्तु : तंबोऱ्याचें रोगण

आमच्या सासूबाईंचा तंबोरा मिरजेचा. विवाहापूर्वीं त्यांच्या वडिलांनीं तो घेऊन दिलेला. साताऱ्याच्या जुन्या घरांत, मातीच्या भिंतींच्या माजघरांत, तो कित्येक वर्षें एकाच कोपऱ्यांत उभा होता. त्याच्या रोगणास कधीं तडा गेला नाहीं. आम्ही सर्वजण खारघरला राहावयास आलों आणि वर्षाच्या आंत त्याच्या भोपळ्यावर केसासारख्या बारीक रेघांचें जाळें उमटलें. पावसाळा लागतांच पांढुरके डागहि दिसूं लागले. सासूबाईंनीं तंबोऱ्यास गवसणी घातली व संध्याकाळचें गाणें बंद केलें. घरांत त्याविषयीं कोणी अवाक्षर काढलें नाहीं. पण ती वेळ झाली कीं सर्वांसच चुकल्यासारखें होई.

कारण शोधावयास दूर जावें लागलें नाहीं. दुपारीं पश्चिमेच्या खिडकींतून ऊन थेट भोपळ्यावर येई; रात्रीं पुतण्याच्या अभ्यासासाठीं त्याच खोलींत वातानुकूलन यंत्र चाले; आणि सकाळीं खिडक्या उघडल्या कीं डोंगर व खाडी यांमधली दमट हवा आंत शिरे. एका दिवसांत त्या वाद्यानें तीन ऋतु भोगावयाचे!

उष्णतेनें वस्तु प्रसरण पावते व थंडीनें आखडते, हें आपण शाळेंत शिकलों. परंतु रोगण व त्याखालचें लांकूड हीं सारख्या प्रमाणांत आखडत नाहींत. एकाएकीं गारवा लागला कीं रोगण अधिक आखडतें व ताण असह्य झाला म्हणजे फाटतें. शिवाय यंत्राच्या कोरड्या हवेनें लांकूड व भोपळा आकसतात आणि दमट हवेनें फुगतात; जुनें, ठिसूळ झालेलें रोगण त्यांच्यामागें धांवूं शकत नाहीं. गार झालेल्या वाद्यास दमट हवा लागली म्हणजे गार पाण्याच्या तांब्यावर जमतें तसें दंव त्यावर जमतें, आणि लाख त्या ओलाव्यानें पांढरी पडते. थंड देशांत हिवाळ्यांत बाहेरून आणलेली गिटारची पेटी कांहीं तास उघडीत नाहींत, तें याचसाठीं.

एका दुकानदारानें जुनें रोगण खरवडून कांचेसारखें जाड रोगण चढवावयास सांगितलें. भाऊजींना तें पटलें. सासूबाई एवढेंच म्हणाल्या, “मिरजेस दाखवा, मग काय तें करा.”

मिरजेंत हा धंदा एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेबांनीं तो आरंभिला. तेथील सतारींना व तंबोऱ्यांना २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. ज्या कारागिराकडे आम्ही गेलों, त्यानें रेघांवरून नख फिरविलें व म्हणाला, “आजी, भोपळा शाबूत आहे. चिरलें आहे तें वरचें पॉलिश. जाड थर दिला तर तबलीचा आवाज दबेल.”

चपडा लाख स्पिरिटांत विरघळवून त्यानें पुरचुंडीनें पातळ हात दिले. नवी लाख जुन्या लाखेस विरघळवून तींत मिसळते. म्हणून रेघा बुजल्या व डागहि गेले. लाखेचें रोगण नाजूक खरें, पण तें खरवडून न टाकतां नवें करतां येतें, हाच त्याचा मोठा गुण.

ज्या घरीं असें वाद्य असेल त्यांनीं तें बाहेरच्या भिंतीपासून, उन्हापासून व यंत्राच्या झोतापासून दूर, आंतल्या भिंतीशीं ठेवावें. प्रवासांत उन्हांत उभ्या केलेल्या बंद मोटारींत तें कधींहि सोडूं नये. सुमारें ५० अंश सेंटिग्रेडपुढें लाख मऊ पडूं लागते व गवसणीची वीण तींत उमटते. वाद्य थंडीस किंवा उन्हाळ्यास तितकें भीत नाहीं. क्षणोक्षणीं बदलणाऱ्या हवेस भितें.

आमचा तंबोरा आतां देवघराशेजारच्या खोलींत असतो. तेथें यंत्र नाहीं. उन्हाळ्यांत जरा उकडतें. पण संध्याकाळीं सासूबाई गावयास बसल्या म्हणजे पुतण्याहि पुस्तक घेऊन तेथेंच येऊन बसतो.