किल्ली कोणाकडे?

संपादक,


‘हल्लीच्या पोरांना चळवळीचं काही पडलेलं नाही’ असा सूर लावणारा लेख आपल्या रविवारच्या अंकात वाचला. पुण्यातल्या वस्त्यांमध्ये उमेदीची वर्षं घातल्यावर मला तो पटत नाही. माणसं येतात, मोर्चाला तर हमखास येतात. गळतात ती नंतर, लढून मिळवलेली जागा रोज सांभाळायची वेळ आली की.

उदाहरण शौचालयाचं देते. नाक मुरडू नका. १९९९ ते २००१ या काळात महापालिकेने पुण्यातल्या वस्त्यांमध्ये ४००हून अधिक सामुदायिक शौचालयं संस्था-संघटनांकडून बांधून घेतली. बांधकामाचा खर्च पालिकेचा, पुढची देखभाल संस्थेची आणि वस्तीची. अनेक ठिकाणी कुटुंबामागे महिना २० रुपयांचा पास ठरला. आमच्याकडेही असंच एक शौचालय झालं. उद्घाटनाला नारळ, हार, ढोल आणि ११ जणांची समिती. दोन वर्षांत त्यातले उरलो तिघं : वही सांभाळणाऱ्या एक मावशी, नळ दुरुस्त करणारा एक मुलगा आणि मी.

मावशींची ती वही माझ्याकडे अजून आहे. घरटी एक ओळ, समोर महिन्यांचे चौकोन, पैसे आले की लाल टिंब. किल्ली कनवटीला. रात्री दोन वाजता कोणी दार वाजवलं तरी त्याच उठायच्या. एकदा लेकीच्या बाळंतपणाला त्या गावी गेल्या, किल्ली घाईत शेजारणीकडे दिली. त्याच आठवड्यात टाकी तुंबली. गाडी कोणी बोलवायची यावर वाद झाला आणि नऊ दिवस कुलूप लटकत राहिलं. बायका पुन्हा अंधारात ओढ्याकाठी. आता याला ‘बांधिलकी आटली’ म्हणायचं? बांधिलकी होती तिथेच होती. तिची सगळी मदार एका कनवटीवर होती, एवढंच.

रोजचं सांभाळणं कसं जमवायचं, याचं एक उदाहरण मुंबईत आहे. १९८६ साली भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांमधून ‘महिला मिलन’ ही संघटना उभी राहिली. त्यांच्या बचतगटांची एक पद्धत मला नेहमी शहाणपणाची वाटत आली आहे : बचत गोळा करणारी बाई रोज दारोदार जाते. रुपया मिळो न मिळो, कोण आजारी, कोणाचं काम सुटलं, ते तिला कळतं. महिन्याची मीटिंग चुकवता येते, दारात उभी राहिलेली बाई चुकवता येत नाही.

अशा रोजच्या कामाला मानधन द्यावं म्हटलं की आमचे जुने सहकारी म्हणतात, मानधन दिलं की कार्यकर्त्याचा नोकर होतो. असं म्हणणाऱ्या बहुतेकांचा पगार पहिल्या तारखेला बँकेत जमा होतो, हे त्यांच्या ध्यानात नसावं. मावशींनी सहा वर्षं फुकट राबून शेवटी धुण्याभांड्यांची कामं धरली, ती निष्ठा संपली म्हणून नव्हे. पैसे घेतल्याने काहींची वृत्ती बदलते हे मीही पाहिलंय. म्हणूनच हिशेबाची वही दर वर्षी दुसऱ्या हातात जावी आणि दर महिन्याचा जमाखर्च भिंतीवर लागावा. पण सांभाळणाऱ्याला महिन्याला ठरलेली रक्कम मिळालीच पाहिजे, आणि अशा जागांना वीज-पाण्याचं बिल घरगुती दराने यावं. आम्हाला दुकानाच्या दराने येत होतं. वीस-वीस रुपयांतून ते कसं भागणार?

आमच्याकडे आता किल्ल्या तीन आहेत. एक मावशींच्या सुनेकडे असते. ती आजवर एकाही मोर्चाला आलेली नाही.

– एक जुनी कार्यकर्ती, पुणे