गुप्तांगावर पुळी आली, दुखली नाही, आपोआप गेली. मग डॉक्टरकडे कशाला जायचं?

अंघोळ करताना जांघेत, शिश्नावर किंवा योनीच्या कडेला बारीक पुळी हाताला लागते. पुढचा क्रम बहुतेकांचा ठरलेला असतो. आधी मोबाइलवर शोध, मग समोर आलेले भयंकर फोटो, मग मेडिकलमध्ये हळू आवाजात 'खाजेवरची एखादी ट्यूब द्या'. घरात सांगायचा प्रश्नच नसतो.

खरं तर या भागातल्या अनेक पुळ्या निरुपद्रवी असतात. अडचण आपल्या घरगुती फूटपट्टीची आहे. दुखतंय म्हणजे गंभीर आणि गेलं म्हणजे बरं झालं, असं आपण धरून चालतो. इथे अनेकदा नेमकं उलटं असतं.

कोणत्या पुळ्यांना घाबरू नये?

शिश्नमुंडाच्या कडेने एकसारख्या, मोत्यांच्या माळेसारख्या बारीक पुळ्या अनेक पुरुषांना असतात. तो शरीररचनेचाच भाग आहे. रोग नाही, संसर्ग नाही, उपचाराची गरज नाही. योनीमुखाच्या आतल्या बाजूला काही स्त्रियांनाही अशाच मऊ, बारीक पुळ्या असतात. पिवळसर-पांढरे ठिपके दिसले तर त्या बहुतेकदा तेलग्रंथी असतात. वस्तरा फिरवल्यानंतर केस आत वळून पुळी येते, तीही सहसा काही दिवसांत बसते. ती फोडायची मात्र नाही.

मग कोणत्या दाखवायला हव्यात?

सिफिलिसपासून सुरुवात करू. जुनी माणसं याला 'गरमी' म्हणतात. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी एक कडक कडांची जखम येते. ती बहुतेकदा दुखत नाही आणि उपचार न करताही तीन ते सहा आठवड्यांत भरून येते. माणूस सुटकेचा श्वास टाकतो, पण जंतू शरीरातच असतात. पुढे अंगावर, तळहात-तळपायांवर पुरळ येऊ शकतं. काही वर्षांनी मेंदू आणि हृदयापर्यंत त्रास जाऊ शकतो. गरोदरपणात बाळालाही धोका असतो. लवकर ओळखला तर हा आजार पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होतो.

फुलकोबीसारख्या चामखिळी एचपीव्ही या विषाणूमुळे येतात. त्या दुखत नाहीत, पण संसर्गजन्य असतात. चामखिळी आणणारे मुख्य प्रकार ६ आणि ११ क्रमांकाचे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी जोडलेले १६ आणि १८ वेगळे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्वाव्हॅक' ही लस या चारही प्रकारांसाठी आहे. मात्र लस संसर्गाआधी घेतली तर उपयोगी. आलेली चामखीळ तिने जात नाही.

मध्ये खळगा असलेली गुळगुळीत पुळी 'मोलस्कम'ची असू शकते. पाण्याच्या फोडांचा झुबका येऊन आग होत असेल तर हर्पिसची शक्यता असते. वृषणावर गाठी आणि रात्री वाढणारी खाज असेल तर साधी खरूजही असू शकते. तेव्हा एकट्याने औषध लावून भागत नाही, घरातल्या किंवा खोलीतल्या सगळ्यांना एकाच वेळी उपचार घ्यावे लागतात.

इंजिनीअरिंगच्या पहिल्याच वर्षी कळतं, की स्क्रीनवर दिसणारा एकच एरर दहा कारणांनी येऊ शकतो. त्वचेचंही तसंच आहे. फोटो ताडून निदान होत नाही.

आधी ट्यूब लावून बघितलं तर?

बघू नये. मेडिकलमध्ये सहज मिळणाऱ्या अनेक मलमांत स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. स्टेरॉइडमुळे खाज आणि लाली दबते, आजार नाही. जांघेतला गजकर्ण तर त्याने पसरतो आणि चिवट होतो. तिथली त्वचा पातळ असल्याने ताणखुणाही कायमच्या राहू शकतात. २०१८ मध्ये केंद्राने अशा १४ स्टेरॉइड मलमांना चिठ्ठी बंधनकारक केली. तरी काउंटरवर चिठ्ठी किती जण मागतात, हे आपण सगळे पाहतोच. चामखिळीवर चुना किंवा ॲसिड लावणं तर सरळ भाजून घेणं आहे.

डॉक्टरकडे कधी जायचं?

• जखम किंवा व्रण दिसला, मग तो दुखो वा न दुखो
• पाण्याचे फोड, पू, रक्त किंवा स्राव असेल
• पुळ्या वाढत असतील, किंवा दोन आठवड्यांत गेल्या नाहीत
• जांघेत गाठी आल्या, ताप आला
• जोडीदाराला असाच त्रास असेल, किंवा असुरक्षित संबंध आले असतील
• गरोदरपण, मधुमेह किंवा एचआयव्ही असेल

झपाट्याने वाढणारी सूज, असह्य वेदना आणि ताप एकत्र आले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

जायचं कुठे?

त्वचारोगतज्ज्ञांकडे. गुप्तरोग हा त्यांच्याच अभ्यासक्रमाचा भाग असतो. स्त्रिया स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही जाऊ शकतात. जिल्हा रुग्णालयं आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं. तिथे समुपदेशन, तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. फोनवर आधी विचारायचं असेल तर १०९७ ही टोल-फ्री हेल्पलाइन आहे. डॉक्टर संबंधांबद्दल विचारतील. तो चारित्र्याचा पंचनामा नसतो, कोणती तपासणी करायची हे त्यावर ठरतं. लैंगिक आजार निघाला तर जोडीदारालाही उपचार हवेत, नाहीतर तोच आजार पुन्हा परत येतो.

लाजेचा फायदा कुणाला?

लोकलच्या डब्यात आणि स्टेशनबाहेरच्या भिंतींवर 'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज'ची पत्रकं अजूनही दिसतात. गुप्तरोग बरे करण्याच्या अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही धंदा चालतो, कारण गिऱ्हाईक तक्रार करायला जाणार नाही याची त्यांना खात्री असते. यात सरकारी यंत्रणेचाही दोष आहे. सुरक्षा क्लिनिकचं नाव किती जणांनी ऐकलंय? या भोंदूंच्या पत्रकाशेजारी सुरक्षा क्लिनिकचा पत्ता आणि १०९७ हा क्रमांक ठळक लावला, तर लोक तिकडे वळतील.

तोवर दुखणं अंगावर काढू नका. पुळी गेली असली, तरी ती कशी होती आणि कधी आली हे लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. सिफिलिस रक्ततपासणीत नंतरही ओळखता येतो.